चाचांच्या मागची भिंत

४ फेब्रुवारी

ती. आईंना,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहिलं की तुम्ही म्हणता, आधी तुझे गुडघे वाकतात का बघ, म्हणून नुसताच नमस्कार. कशा आहात? डोळ्यांत थेंब घालता, की बाटली उशाशी ठेवली की गुण येतो अशी अजून समजूत आहे?

तुमचं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. तुमच्या चिरंजिवांची बदली झाली, ते नव्या सूनबाईंना घेऊन लांब चालले, आणि एक तारखेपासून तुम्ही त्या ज्येष्ठांच्या निवासात राहायला जाणार, हे सगळं तुम्ही चार ओळींत उरकलंत. पाचव्या ओळीपासून शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली ते सुरू. पिल्लांवर दीड पान आहे. तुमच्या नव्या जागेबद्दल एवढंच, की "खोली बरी आहे म्हणतो, खिडकी आहे." आई, खिडकी तुरुंगालासुद्धा असते. बरं, जाऊ दे. त्यावर सावकाश लिहिते, आज नको.

फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या वतीने जो उचलतो त्याच्याशी मला बोलायचं नसतं. म्हणून हे कागद. मी पाकिटाला डिंक लावायला बसले की ऑफिसातल्या पोरी एकमेकींना कोपराने ढोसतात. त्यांना वाटतं माझं कुठेतरी जुळलंय. सासूला लिहिते म्हटलं तर त्यांना जास्तच मजा वाटेल, म्हणून मी त्यांना सांगतच नाही.

तुम्ही विचारलंत, "मशिदीत तुझं काय काम?" सांगते. काही शतकांची जुनी दगडी मशीद आहे. मधल्या घुमटाला तडा गेलाय. दुरुस्ती सुरू होण्याआधी ती आज आहे तशी, तड्यासकट, कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायची. उद्या एखादा दगड निखळला, तर तो कुठला होता, कसा कोरलेला होता, किती झिजला होता हे कुणालाही बघता यावं. माझ्याकडे तिपाईवर बसवलेलं एक यंत्र असतं. ते हळूहळू स्वतःभोवती फिरतं आणि चहूकडे किरण सोडतं. किरण जिथे आपटतो तिथला एक ठिपका टिपतं. असे कोट्यवधी ठिपके जमले की पडद्यावर अख्खी मशीद उभी राहते. एका जागेवरून सगळं दिसत नाही, खांबामागे काय आहे ते यंत्राला कळत नाही. म्हणून ते उचलायचं, दुसरीकडे मांडायचं, मग तिसरीकडे. चांगली हमाली आहे. वर "मॅडम, तुमचं काय, यंत्रच सगळं करतं" हे ऐकून घ्यायचं.

अट एकच. किरण फिरत असताना समोर माणूस नको. कुणी चालत गेलं की पडद्यावर हवेत नुसत्या चिंध्या लोंबकळतात. त्या मग ऑफिसात बसून मी एक एक करून पुसते. मीही दिसायला नको, म्हणून यंत्र जसं वळेल तशी त्याच्या बगलेला चिकटून गोल फिरायचं. हे मी पोटासाठी करते असं कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

पूर्वी या कामाला आम्ही दोघं असायचो. त्या मुलाला आता दुसऱ्या कामावर टाकलंय, त्यामुळे मी एकटीच. दिवसभरात नमाजाला येणाऱ्यांशी "जरा थांबा" आणि "आता या" एवढंच बोलणं होतं. घरी गेल्यावर एखादं भांडं पडलं की "अगं बाई" म्हणते आणि स्वतःच्याच आवाजाने दचकते. सवय होईल. दोन वर्षांत झाली नाही, पण होईल.

इथे अजान देणारे एक म्हातारे आहेत, मशिदीतच राहतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी तुमची चौकशी केली. मी म्हटलं, बऱ्या आहेत.

पिल्लांना उगाच हात लावायला जाऊ नका, त्यांची आई ओरबाडते.

तुमची
मी


१३ फेब्रुवारी

ती. आईंना,

नमस्कार. तुमचं पत्र म्हणजे सरबत्तीच होती. "खिडकीवरून टोमणे मारायचं कारण नाही. तो बिचारा चार ठिकाणी हिंडला तेव्हा ही जागा मिळाली." बरं बाई, चुकलं. तुमच्या लेकाला मी काही म्हणणार नाही. तो वाईट नाही हे मलाही माहीत आहे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आणि दुसरा प्रश्न, "कोण हा म्हातारा? माझी चौकशी त्याला कशाला?" हा प्रश्न तुम्ही विचारणार हे मला ठाऊक होतं. तरी मी ती ओळ लिहिली, खोडली नाही. तर ऐका.

दोन आठवड्यांपूर्वी मी अंगणाकडच्या ओवरीत यंत्र लावलं. सगळ्यांना बाहेर काढलं, चाचांनाही सांगितलं. ते हो म्हणाले आणि एका खांबाच्या पलीकडे, भिंतीला टेकून जे बसले ते तिथेच झोपले. मला दिसलेच नाहीत. चालणाऱ्या माणसाच्या चिंध्या होतात, पण हे इतके गाढ झोपले होते की पडद्यावर अख्खेच्या अख्खे आले. काठी, चष्मा, कुशीत घेतलेला हात, पायाचा अंगठासुद्धा. इतकी वर्षं हे काम करतेय, माणूस असा पुरता आलेला पहिल्यांदाच पाहिला. मी खूप वेळ नुसती बघत बसले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर त्यांना दाखवलं. मला वाटलं खूश होतील. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "हे काढा बेटी. मशिदीत माणसाची आकृती नको. आणि ठेवायचीच तर माझ्यासारख्या घोरणाऱ्याची तर नकोच." नियमाप्रमाणे मला काढायचंच होतं, मी काढलं. तर मागे भोक. म्हणजे भिंत होती हो, पण त्यांच्या अंगामुळे किरण तिथवर पोचलाच नव्हता, त्यामुळे तेवढी भिंत टिपलीच गेली नव्हती. बसलेल्या माणसाच्या आकाराचं काळं भोक, काठीसकट. चाचांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आता मला रोज तिथे जाऊन बसावं लागणार, नाहीतर वारा आत येईल." मला हसू आवरेना.

मग घरी येताना तुमचं जुनं पत्र आठवलं. तुमच्या हॉलमधला आमच्या लग्नाचा फोटो चिरंजिवांनी उतरवला तेव्हा तुम्ही लिहिलं होतंत, "तिथला रंग वेगळा दिसतो. मी कॅलेंडर लावलंय." त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. या वेळी बसमध्ये आलं. शेजारच्या बाईंनी मला खिडकीची जागा दिली, एवढाच काय तो फायदा.

तर तेवढ्या भिंतीसाठी परत यंत्र लावावं लागलं. चाचा म्हणाले, या वेळी मी तुमच्याबरोबरच उभा राहतो, म्हणजे झोपायची भीती नको. मग आम्ही दोघं यंत्राच्या बगलेने गोल फिरत होतो. ते काठी टेकत पुढे, मी मागे. बोलायला बंदी नसते, यंत्राला ऐकू येत नाही. ते म्हणाले, "घरी कोण असतं?" हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत बऱ्याच जणांनी विचारलाय. मी नेहमी म्हणते, कुणी नाही, मी एकटीच. मग समोरचा माणूस गप्प होतो किंवा उपदेशाला लागतो. त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "सासूबाई असतात."

सहज गेलं हो. विचार करून नाही. ते म्हणाले, "चांगलं आहे. म्हणजे उशीर झाला तर कुणीतरी विचारतं." मी म्हटलं, विचारतात तर. मग यंत्र थांबलं.

असो. त्या निवासाबद्दल काही गोष्टी विचारून घ्या. गरम पाणी दिवसभर असतं की फक्त सकाळी? तुमचा पलंग दाराशी आहे की भिंतीशी? दाराशी असेल तर तुमची झोप झालीच म्हणून समजा. ऐकू येत नसलं तरी दार उघडल्याची झुळूक तुम्हाला लागते. आणि बाहेरच्या माणसाला भेटू देतात ना? अशा ठिकाणी भेटायला येणाऱ्याला विचारतात म्हणे, तुमचं यांच्याशी नातं काय. तिथे मी काय सांगू ते तुम्हीच कळवा. मला सुचत नाही.

मांजरीचं कळवलं नाहीत.

तुमची
मी


२३ फेब्रुवारी

ती. आईंना,

नमस्कार. या वेळी तुमचं पत्र नाही. बांधाबांध चालली असेल. सामान किती नेता येतं तिथे? शिवणाचं मशीन नाही नेऊ देणार बहुतेक. ते मी घेऊन जाईन असं लिहायला बसले होते, आणि मग लक्षात आलं की मी परत एकदा मशीन, गरम पाणी, पलंग यांच्यामागे लपतेय. मशिदीचं काम काल संपलं. आता माझ्याकडे सांगायला दुसरं काही उरलं नाही. तेव्हा जे आहे ते सांगते.

आई, गेले पंधरा-वीस दिवस तुम्ही माझ्याकडे राहता आहात.

म्हणजे चाचांच्या लेखी. त्या दिवशी तोंडातून गेलं ते तिथेच थांबलं असतं, पण ते रोज विचारू लागले. "सासूबाई काय म्हणतात?" पहिले दोन दिवस मी "बऱ्या आहेत" वर भागवलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "आज रागावल्यात, माझ्या हातून दूध उतू गेलं." ते हसले. मग मला चटकच लागली. कामावर जाताना मी बसमध्ये ठरवायची, आज आई काय म्हणाल्या. तुम्ही भाजीला नावं ठेवलीत. तुम्ही माझा नवा कुर्ता बघून "हा पडद्याचा कपडा कुठून आणलास" म्हणालात. तुम्ही मला हाक मारून चष्मा शोधायला लावलंत, आणि तो तुमच्याच डोक्यावर होता. हे शेवटचं तर मी बनवलंसुद्धा नाही, ते खरंच घडलेलं आहे, फक्त सहा वर्षांपूर्वी आणि दुसऱ्या घरात.

मी खोटं फार बेमालूम बोलते हे मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसता. तुम्हाला तिसरा मजला आवडत नाही, पण लिफ्ट आहे म्हणून चालवून घेता. मी घरी येते तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघता आणि मग माझ्याकडे. एकदा तर मी दुकानातून तुमच्या मापाच्या सपाता घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, बदलून लागल्या तर? मी म्हटलं, नाही लागणार, मला माप माहीत आहे. त्या खुर्चीपाशी ठेवल्यात. रोज संध्याकाळी त्यांना अडखळते आणि तरी उचलत नाही.

मग चाचांनी गुडघ्याचा पट्टा दिला. मीच कधीतरी तुमच्या गुडघ्यांचं बोलले होते. त्यांच्या बायकोचा होता, त्या जाऊन बरीच वर्षं झाली. धुऊन, नीट घडी करून आणला होता. मी "नको नको" म्हणत राहिले, ते म्हणाले, "पेटीत पडून काय करायचा? त्यांचे गुडघे तरी चालू देत." मी तो घेतला. घेताना इतकी लाज वाटली की धड धन्यवादही म्हणता आले नाहीत.

काल शेवटचा दिवस होता. अंगणात एक मोठा पडदा लावून मी पूर्ण झालेली मशीद सगळ्यांना दाखवली. विश्वस्तांपैकी एकजण चष्म्याचं दुकान चालवतात, ते पुढे येऊन घुमटाचा तडा बोटाने मोजायला लागले. बाकीचे खालून वर, वरून खाली बघत होते, आपण इतकी वर्षं जिथे येतो ती हीच का, अशा चेहऱ्याने. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चांगलं काम झालंय.

चाचा म्हणाले, माझी जागा दाखवा. मी ओवरीतली ती भिंत जवळ आणली. दगड न् दगड दिसत होता, कुठे सुईएवढं छिद्र नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "झकास. आता इथे कधी कुणी बसलंच नव्हतं." आणि हसले. बाकीचेही हसले. मला नाही हसता आलं.

लोक पांगले तशी मी वायरी गुंडाळत बसले होते. ते जवळ येऊन म्हणाले, "सासूबाईंना आणणार होता ना आज? मी खुर्ची काढून ठेवली होती." खरंच ठेवली होती. सावलीत, पाठीला उशी लावून.

आई, तिथे मला पुढचं खोटं सुचलं होतं. ताप आलाय म्हणाले असते तर त्यांनी औषध दिलं असतं आणि मी निघून आले असते. पण मी त्या खुर्चीकडे पाहिलं. मी म्हटलं, चाचा, त्या माझ्याकडे राहत नाहीत. त्या आहेत, त्यांचे गुडघेही दुखतात, पण त्या दुसऱ्या गावात त्यांच्या मुलाकडे असतात. त्यांच्या मुलाशी माझं लग्न होतं, आता नाही. मी घरी एकटीच असते.

ते रागावले. मला वाटलं होतं म्हातारा माणूस आहे, डोक्यावर हात ठेवेल. तसं काही नाही. चांगलेच रागावले. म्हणाले, "मग मी रोज कुणासाठी दुआ मागत होतो?" मी म्हटलं, त्यांच्यासाठीच. "आणि पट्टा?" घरी आहे, म्हटलं, परत आणून देते. "परत कशाला? त्यांना घाला." मग काठी आपटत थोडे पुढे गेले आणि तिथून मागे वळून म्हणाले, "आणायचं की त्यांना. अडलंय कुठे?"

माझ्याकडे कारणांची कमी नव्हती, दोन वर्षं तीच तर उगाळत होते. माझा हक्क काय. लोक काय म्हणतील. त्यांचा मुलगा काय म्हणेल. मी दिवसभर बाहेर, त्यांनी चार भिंतींत काय करायचं. आणि सगळ्यांत मोठं, त्या नाही म्हणाल्या तर? हे एवढंच मी चाचांना सांगितलं, की त्या नाही म्हणतील. ते म्हणाले, "म्हणतीलच. दुरुस्ती चालू असताना मला पुतण्याकडे जाऊन राहायचंय. त्याने चल म्हटलं तेव्हा मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा त्याने विचारलंच नसतं तर मी काय केलं असतं, अल्ला जाणे." मग ते अजानला गेले. वेळ झाली होती.

तर आई, माझ्याकडे या. राहायला.

लिहिलं एकदाचं. पहिल्या पत्रापासून हेच लिहायचं होतं आणि मी मांजरीच्या पिल्लांची विचारपूस करत बसले.

तुमची कीव येऊन मी हे विचारत नाही. तुम्हाला तसं वाटेल, म्हणून आधीच सांगते. तो निवास चांगला असेल, तुम्ही तिथेही चार दिवसांत सगळ्यांना धाकात ठेवाल, त्याबद्दल मला शंका नाही. मी माझ्यासाठी विचारतेय. घरात शिरल्यावर दिवा मलाच लावावा लागतो, त्याचा मला कंटाळा आलाय. चूल एकटीसाठी पेटवायची नको वाटते म्हणून मी उभ्या उभ्या पाव खाते. माझ्यावर रागवायला कुणी नाही. नवरा गेला त्याचं मी सोसलं, ते दुःख जुनं झालं. पण त्या कागदावर सही केली तेव्हा त्याच्याबरोबर तुम्हीही गेलात, आणि त्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही. वकिलांनीसुद्धा नाही. मला तर कुणापाशी म्हणताही येत नव्हतं की मला माझी सासू हवी आहे. लोक हसले असते.

तुमच्या लेकाला मी स्वतः पत्र लिहीन, अगदी सभ्य. त्याला वाईट वाटणार नाही असं बघीन. तुम्हाला वाटलं तर त्याच्याकडे महिना-दोन महिने जाऊन येत जा, मी गाडीत बसवून देईन. तुम्ही माझ्याकडे राहता म्हणून तो मुलगा नाहीसा होत नाही.

आता तुम्ही नाही म्हणणार. मला अक्षर न् अक्षर माहीत आहे. "वेडी आहेस का, लोकांना तोंड कसं दाखवायचं, आता माझे किती दिवस राहिलेत." ते सगळं लिहून पाठवा, मी वाचीन. पण ते मी पहिलं ‘नाही’ म्हणून मोजीन. मग मी परत विचारीन. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. बेल वाजवून उपयोग नाही, तेव्हा समोरच्या फूटपाथवर तुम्हाला दिसेन अशी उभी राहीन. तोंडावर नाही म्हणालात तर ते दुसरं. चहा पिऊन तिसऱ्यांदा विचारीन. चौथ्यांदाही विचारीन. किती वेळा विचारलं की माणसाला खरं वाटतं ते मला ठाऊक नाही, पण माझी परतीची गाडी संध्याकाळची आहे आणि मी दोन तिकिटं काढली आहेत.

मी खोट्यातच का होईना, रोज तुमच्याकडून ऐकलंय, "किती गं उशीर केलास." एकदा ते खरंच म्हणा. उशीर झालाच आहे.

तुमची, अजूनही तुमचीच,
सून